पऱ्हाटीची कांडी

नमस्कार श्रोतेहो. कापसाची शेवटची वेचणी झाली की जळगाव, धुळे, नंदुरबार, तिन्ही जिल्ह्यांत बांधावर पऱ्हाट्यांचे, म्हणजे कापसाच्या वाळलेल्या झाडांचे, ढीग लागतात. थोड्या चुलीत जातात, बाकीच्यांना काडी लावली जाते. मला याचं फार वाईट वाटतं, कारण याच पऱ्हाटीपासून बॉयलरला चालणारी इंधनाची कांडी, म्हणजे पेलेट, बनते. पण यंत्र घेतलं की झालं, असं नाही. कांडीचं सगळं गणित मालावर असतं.

पऱ्हाटी लाकडाच्याच जातीची. तिच्यात लिग्निन, म्हणजे लाकडाला घट्टपणा देणारं नैसर्गिक द्रव्य, असतं. रोलरखाली दळलेला भुसा डायच्या, म्हणजे यंत्रातल्या साच्याच्या, 6 ते 8 मिलिमीटरच्या भोकांतून दाबला जातो, घर्षणाने तापतो, लिग्निन मऊ पडतं आणि तेच भुशाला धरून ठेवतं. वेगळा डिंक लागत नाही. चांगली कांडी तुकतुकीत दिसते, मोडली तर कट्‌कन तुटते. अंगावर आडव्या चिरा दिसल्या, तळहातावर भुकटी राहिली, तर आधी ओल तपासा. ती साधारण 10 ते 12 टक्के हवी. जास्त असली तर वाफेने कांडी फुगते, फारच कमी असली तर भोकं चोंदतात. आणि गरम कांडी लगेच पोत्यात भरू नका.

मुळासकट उपटलेल्या पऱ्हाटीला माती चिकटून येते. ती झटकली नाही तर राख वाढते आणि मातीतली रेती डाय झिजवते. नव्या डायचा हा खर्च बरेच जण हिशेबात धरतच नाहीत.

भुईमुगाची टरफलं, मक्याची रिकामी कणसं, सॉ मिलचा भुसा चालतो. रावेर-यावलकडून केळीच्या खांबाबद्दल विचारणा होते. त्यात 90 टक्क्यांच्या आसपास पाणी. तो वाळवण्यापेक्षा त्याचं खत करा. डाळ मिलची चुनी, म्हणजे डाळीचा चुरा, तर जाळूच नये, ती गोळी पेंडीत गुरांसाठी जाऊ द्या.

2021 साली केंद्र सरकारने औष्णिक वीज केंद्रांना कोळशासोबत 5 टक्के बायोमास, म्हणजे अशा काडीकचऱ्याचं इंधन, जाळण्याचं धोरण ठरवलं. आपल्या दारात भुसावळजवळ दीपनगरचं असं वीज केंद्र आहे. शिवाय पऱ्हाटी उचलून शेत वेळेत रिकामं झालं की गुलाबी बोंडअळीचा आसराही जातो.

यंत्र बघायला जाताना आपल्याच शेतातल्या पऱ्हाटीचा भुसा पोत्यात भरून न्या. विक्रेत्याच्या भुशावर नको, आपल्या मालावर कांडी काढून दाखवायला सांगा, आणि मगच पैशाचं बोला.