आखाजी नसलेला करार

स्क्रीनवर ही जी सीडी दिसतेय ना, ही जळगावच्या गोलाणी मार्केटमधून घेतलेली, मी नववीत होतो तेव्हा. क्रिकेटचा गेम. कव्हर फाटलंय, चरे पडलेत, पण भुसावळला मावशीकडे जो जुना कॉम्प्युटर आहे त्याच्यात ती अजून चालते, नेट लागत नाही, अकाउंट लागत नाही, फक्त लाइट असली की झालं. मे महिन्यात ४५ डिग्रीत दुपारी घराबाहेर पाय ठेवता यायचा नाही, मग आम्ही चौघं भाऊ कूलरसमोर बसून मॅचेस लावायचो, जो हरला तो उठला.

दुसरा गेम मी माझ्या पहिल्या पगारातून घेतला, ऑनलाइन, पूर्ण पैसे मोजून. त्याचं नाव नाही घेत. आम्ही चौघं तोवर चार गावांना पांगलो होतो, पण रात्री दहाला त्या गेममध्ये भेटायचोच, टीमचं नाव ठेवलं होतं तापीकाठ. मग एक दिवस मेल आला की अमुक तारखेला सर्व्हर, म्हणजे ज्यावर गेम चालतो ते कंपनीचे कॉम्प्युटर, बंद. त्या रात्री चौघंही शेवटपर्यंत आत थांबलो, कोणी खेळत नव्हतं, नुसतं बोलत बसलो होतो, आणि मधेच कनेक्शन तुटलं. मावशीला सांगितलं तर ती म्हणे, "पैसे दिले ना तू, मंग तो त्यांचा कसा काय?"

मावशी, आपण गेम घेतच नाही. आपण घेतो लायसन्स, म्हणजे वापरायची परवानगी, आणि ती काढून घ्यायचा हक्क कंपनीकडे असतो, हे त्या लांबलचक अटींमध्ये लिहिलेलं असतं ज्या वाचायला कोणीच थांबत नाही.

युबिसॉफ्ट या गेम कंपनीचा द क्रू बघा. २०१४ चा रेसिंग गेम, अख्खी अमेरिका गाडीने फिरायची. एकट्याने खेळलं तरी सर्व्हरला जोडलेलं राहावं लागायचं. ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद झाले आणि एकट्याचा खेळही त्याच्यासोबत गेला, वरून नंतर लोकांच्या अकाउंटमधून लायसन्सही काढलं.

आपल्याकडे शेत नफ्याने, म्हणजे खंडाने, घेतात ना, तिथेही जमीन आपली नसते. पण आखाजी ते आखाजी, म्हणजे एका अक्षय्य तृतीयेपासून दुसरीपर्यंत, ठरलेलं असतं, पैसे देतानाच माहीत असतं की कधी सोडायचंय. गेम घेताना ही तारीख कोणीच सांगत नाही, आणि मला सगळ्यात जास्त राग याचाच येतो.

सर्व्हर चालवायला खर्च येतो, कायम चालवा असं कोणी म्हणतही नाही. पण जाताना नीट जाता येतं भो! ग्रान तुरिस्मो स्पोर्ट या गेमचे सर्व्हर जानेवारी २०२४ च्या शेवटी बंद झाले, तरी ऑफलाइन खेळता येईल अशी सोय करून ठेवली. नॉकआउट सिटी हा गेम २०२३ मध्ये बंद करताना तर स्वतःचा सर्व्हर चालवता येईल अशी पीसीची आवृत्तीच लोकांच्या हातात दिली, म्हणजे चार मित्र असले तरी गेम जिवंत. असं करायचं तर बनवतानाच विचार लागतो, शेवटच्या महिन्यात ते जमत नाही.

क्रू बंद झाल्यावर रॉस स्कॉट नावाच्या यूट्यूबरने स्टॉप किलिंग गेम्स ही मोहीम काढली, मागणी एवढीच की विकलेला गेम बंद करताना खेळता येईल अशा अवस्थेत सोडा. युरोपात त्यासाठी जुलै २०२४ च्या शेवटी सह्या घेणं सुरू झालं आणि वर्षभरात १० लाखांचा आकडा पार झाला. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून कायदाच आहे, डिजिटल गेमवर 'खरेदी करा' लिहायचं असेल तर हे फक्त लायसन्स आहे असं गिऱ्हाईकाला आधी स्पष्ट सांगा. याने गेम वाचत नाही, पण निदान माणूस डोळे उघडे ठेवून पैसे देतो.

आणि क्रूचं पुढे काय झालं माहितीये? सप्टेंबर २०२५ मध्ये चाहत्यांनी स्वतः सर्व्हर बनवून तो परत चालू केला. लोकांनी रात्री जागून, एक पैसा न घेता, जे कंपनीने केलं नाही ते केलं.

आमच्या गेमसाठी असं कोणी केलेलं नाही. तापीकाठचा एकच स्क्रीनशॉट उरलाय, धाकट्या भावाच्या मोबाईलमध्ये. चौघांच्या गाड्या एका ओळीत उभ्या आहेत, हाच तो.