राई उभी आहे, वाट तुटली

श्रोतेहो, नमस्कार.

मिरगाला आता पंधरा-वीस दिवस उरले आहेत. पावशा ओरडू लागलाय आणि आमच्या बाजूच्या डोंगरावर सकाळपासून जेसीबी चालू आहे. पावसाच्या आत जागा साफ करायची, खड्डे मारून ठेवायचे, म्हणजे पहिल्या सरींनंतर काजूची कलमं लावता येतात. ही धांदल मला नवी नाही. मी संगमेश्वर तालुक्यातला काजू बागायतदार. तीस वर्षांपूर्वी मीही हेच केलं. तेव्हा आज जे सांगणार आहे ते कुणा बाहेरच्या माणसाचं बोलणं समजू नका.

आमच्या ग्रामदेवतेची राई साधारण दोन एकरांची, देवळामागच्या उतारावर. तिथली सुकी काठीसुद्धा कुणी घरी नेत नाही. काही तोडायचं झालं तर आधी देवीला कौल लावावा लागतो. त्या राईत एक जुना बेहडा आहे, दोघांनी हात पसरले तरी कवेत न येणारा. त्याच्या खोडात खूप वर एक ढोली आहे आणि मला कळतंय तेव्हापासून त्या ढोलीत ककणेर घरटं करतो. पुस्तकात त्याला मलबारी कवड्या धनेश म्हणतात. फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास मादी ढोलीत शिरते आणि विष्ठा, चिखल वापरून तोंड आतून लिंपून घेते. चोच बाहेर येईल एवढीच फट ठेवते. आत तिची पंखांची पिसं गळतात, त्यामुळे उडायची सोयच राहत नाही. पुढं सुमारे तीन महिने तिचं आणि पिल्लांचं पोट एकट्या नरावर. तो वडाची, पिंपळाची, उंबराची फळं, काजऱ्याची, म्हणजे कुचल्याच्या झाडाची, नारिंगी फळं गळ्यात भरून आणतो आणि एकेक करून फटीतून आत देतो. नराला वाटेत काही झालं, तर आतल्या सगळ्यांच्याच जिवाशी येतं.

देवळाच्या पायरीवर बसलं की त्याच्या फेऱ्या दिसतात. पूर्वी तो समोरच्या रानात उतरायचा आणि लगेच परत यायचा. यंदा एप्रिलमध्ये मी तीन सकाळी तिथं बसलो. आता तो बागांवरून थेट नदीपलीकडं जातो आणि बराच वेळ दिसत नाही. तो येईपर्यंत मी त्या फटीकडं बघत बसतो.

राईतलं एकही झाड आम्ही तोडलं नाही. बिघडलं ते राईच्या बाहेर.

रत्नागिरी जिल्ह्यात वनखात्याच्या ताब्यातलं जंगल अगदी थोडं. जे रान आहे ते बहुतेक खाजगी, तुमच्या-आमच्या नावावरचं. त्यातलं कितीतरी सातबाऱ्यावर ‘वरकस’ म्हणून लागलेलं. वरकस म्हणजे भातशेतीच्या राबासाठी ठेवलेला डोंगर. तिथं कवळ, म्हणजे पाल्याच्या फांद्या, तोडायचा, सुकवायचा आणि भाताची रोपं करायच्या जागेवर जाळून भाजावळ करायची. ऐनाच्या, किंजळीच्या फांद्या जात, पण खोड राही आणि पुन्हा फुटवा येई. ते काही अस्पर्श अरण्य नव्हतं, पण अखंड होतं. एका गावची राई दुसऱ्या गावच्या राईला याच वरकस रानानं आणि पऱ्यांच्या, म्हणजे डोंगरातल्या ओढ्यांच्या, काठच्या झाडीनं जोडलेली होती.

1990 साली रोजगार हमीशी जोडलेली फळबाग लागवड योजना आली. तिला नावं ठेवणार नाही. त्या काजूवर माझं घर उभं राहिलं, मुलांची शिक्षणं झाली. पण रान काढताना मी ठेकेदाराला सरसकट तोडायला सांगितलं. त्यानं वरचा माळ साफ केला आणि पऱ्याच्या कडेचे उंबरही नेले. ते राखले असते तर फार तर वीस-पंचवीस कलमं कमी बसली असती. हा हिशेब मला कुणी सांगितला नाही आणि मलाही सुचला नाही. पुढं शेजाऱ्यानं तेच केलं, त्याच्या पलीकडच्यानंही. त्यात महामार्ग रुंद झाला, कुठं चिरेखाणी निघाल्या. राई होती तिथंच राहिली, पण तिच्या चारी बाजूंची वाट तुटली.

काजू आपल्याकडं आला ब्राझीलहून, पोर्तुगीजांबरोबर. तुटक्या जंगलाचं काय होतं याचा सगळ्यांत मोठा अभ्यासही ब्राझीलमधलाच. 1979 मध्ये मनाऊस शहराच्या उत्तरेला, गुरांच्या कुरणांसाठी जंगल तोडलं जात असताना, थॉमस लव्हजॉय या शास्त्रज्ञानं मध्येमध्ये एक, दहा आणि शंभर हेक्टरांचे तुकडे राखून ठेवायला लावले आणि त्यांच्यावर वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं. तुकड्यांच्या कडेनं ऊन आणि वारा आत शिरला, जमीन सुकली. मोठी झाडं कडेपासून 300 मीटरच्या आत, खोल जंगलातल्या झाडांच्या जवळजवळ तिप्पट वेगानं मेली. सावलीत राहणारे काही पक्षी तर 80 मीटरची मोकळी जागाही ओलांडेनात. आपलं रान वेगळं, पाऊसमान वेगळं, हे आकडे जसेच्या तसे इथं लावता येणार नाहीत. तरी मी टेप घेऊन राई मोजली. दोन एकर म्हणजे लांबी-रुंदीला सरासरी नव्वद मीटर. आमच्या राईच्या अगदी पोटात उभं राहिलं, तरी कड पंचेचाळीस मीटरवर असते. त्या राईला आतला भाग असा उरलेलाच नाही.

आणि हे डोळ्यांना दिसतं. कडेनं रानमोडीचं तण आत सरकलं आहे. शिमग्यानंतर बागेतला पातेरा, म्हणजे सुका पाला, पेटवला की धग राईपर्यंत जाते. वर म्हातारी झाडं दिमाखात उभी आहेत, खाली त्यांची रोपं शोधावी लागतात. बेहड्याखाली मी यंदा हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच पाहिली. हा बेहडा एखाद्या वादळात पडला तर तेवढ्या जाडीचा, ढोली असलेला दुसरा कुठून आणणार? धनेश स्वतः ढोली कोरत नाही. फांदी मोडून, खोड कुजून ती झाडात आपोआप तयार व्हावी लागते आणि त्याला माणसाच्या दोन-तीन पिढ्या जातात.

खाली सिंधुदुर्गात हीच गोष्ट मोठ्या मापानं घडते आहे. दोडामार्ग तालुक्यात रबर आणि अननसासाठी डोंगरच्या डोंगर साफ झाले. 2002 पासून कर्नाटकातून हत्ती उतरू लागले, ते माडा-केळीत आणि भातात शिरतात आणि माणसं रात्र-रात्र जागतात. 2020 साली तिथला 29.53 चौरस किलोमीटरचा पट्टा तिलारी संवर्धन राखीव म्हणून जाहीर झाला. गोवा आणि कर्नाटकाच्या जंगलांना जोडणारी ही वाट. वाट राखायची असते हे सरकारदरबारी मान्य झालं, याचं मला मोल वाटतं.

आता जरा आरोग्याबद्दल बोलतो, कारण पक्ष्यांच्या गोष्टीला मान डोलावणारी माणसं इथं येऊन थबकतात. माकडताप. 1957 मध्ये कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात हा आजार पहिल्यांदा ओळखला गेला. 2016 मध्ये तो दोडामार्गात आला आणि पुढं सावंतवाडी तालुक्यातल्या बांद्याच्या बाजूला पसरला. त्याचा विषाणू गोचिडीतून येतो. माकड त्या तापानं मेलं की त्याच्या अंगावरच्या गोचिड्या उतरून आसपासच्या पाचोळ्यात पसरतात. तिथं काजू वेचायला, पातेरा गोळा करायला, जळणाची फाटी आणायला गेलेल्या माणसाला त्या चावतात. बोशेल या शास्त्रज्ञानं 1969 मध्येच दाखवून दिलं होतं की, जंगल तोडून वस्ती आणि शेती आत सरकली की गुरंही आत जातात, मोठ्या गोचिड्यांना गुरांच्या अंगावर भरपूर रक्त मिळतं आणि त्यांची वीण वाढते. म्हणजे रानाचे तुकडे पाडताना आपण कडा वाढवतो, आणि माणूस, गूर, माकड, गोचीड यांची गाठ त्या कडेवरच पडते. रानात किंवा बागेत माकड मेलेलं दिसलं तर जवळ जाऊ नका, हात लावू नका, लगेच आरोग्य केंद्राला आणि वनखात्याला कळवा. डिसेंबर ते मे या दिवसांत बागेतून आल्यावर गरम पाण्यानं आंघोळ करा, कपडे धुवायला टाका.

काजू लावू नका असं मी म्हणणार नाही. माझ्याच तोंडी ते शोभणार नाही. पण यंदा जे जागा साफ करताहेत, त्यांना तीन गोष्टी कळकळीनं सांगतो. पऱ्याच्या, व्हाळाच्या दोन्ही अंगांना दहा-दहा पावलं रान सोडा. वड, पिंपळ, उंबर, काजरा आणि ढोली असलेलं कुठलंही जुनं झाड बागेत तसंच ठेवा. आणि राईला लागून कुणी पातेरा पेटवू नका, तो कलमांच्या आळ्यात घाला.

माझ्या बागेत पंधरा वर्षांपूर्वी मी पऱ्याकाठचा पट्टा सोडून दिला. काही लावलं नाही, फक्त कोयती बंद केली. तोडलेल्या खुंटांना फुटवे आले, तीन उंबर आपले आपण उगवले. त्यातला एक गेल्या वर्षी पहिल्यांदा फळला. त्या पट्ट्यात काजऱ्याची दोन रोपंही आली आहेत. माझ्या हद्दीत काजऱ्याचं मोठं झाड नाही. बी कुणी आणलं असेल याचा अंदाज तुम्हीच करा. पण पट्टा माझ्या हद्दीशी संपतो. तिथून राईपर्यंत शेजारचा डोंगर लागतो, आज जेसीबी चालू आहे तोच.

त्या डोंगराचे मालक मुंबईला असतात. काल रात्री त्यांच्याशी फोनवर बोललो. पऱ्याच्या काठची दहा-दहा पावलं सोडायला ते तयार झाले आहेत, मात्र कुठली झाडं ठेवायची ते चालकाला दाखवायला कुणीतरी हवं म्हणाले. जेसीबी सकाळी आठला सुरू होतो. मी साडेसहाला चुन्याची बादली घेऊन निघतो, आठच्या आत पट्टे मारून होतील.

नमस्कार.