बाटली भरलेली होती

नमस्कार श्रोतेहो. आज गाडीच्या तेलपाण्याविषयी. इंजिन ऑइल कसं बघायचं ते तुम्हाला ठाऊक आहेच. गाडी सपाट जागी, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटं थांबायचं, तेल मोजायची पट्टी पुसून पुन्हा घालायची, तेल दोन खुणांच्या मध्ये हवं. हल्ली काही गाड्यांतून ही पट्टीच काढून टाकलीय, पडद्यावर बघा म्हणतात. मला नाही पटत. तेल डोळ्यांना दिसावं, बोटाला लागावं. आणि कूलंटचं, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचं, झाकण इंजिन गार असतानाच उघडायचं. पुन्हा सांगतो, गार असतानाच.

पण मला खरं बोलायचंय ते ब्रेक ऑइलबद्दल, म्हणजे पेडलवरचा पायाचा दाब चाकांच्या ब्रेकपर्यंत नेणाऱ्या तेलाबद्दल. माझा एक मित्र, गाडी रोज पुसून लख्ख ठेवणारा. घाट उतरत होता. गाडी भरलेली, उतार लांब, पाय सारखा ब्रेकवर. शेवटच्या वळणांवर पेडल मऊ लागायला लागलं आणि बघता बघता तळाला टेकलं. ब्रेकच नाही! भराभर खालचे गिअर टाकत, हँडब्रेक हळूहळू ओढत त्यानं गाडी कशीबशी कडेच्या मातीत घातली. घरच्यांना उतरवलं, बॉनेट उघडलं. ब्रेक ऑइलची बाटली वरच्या खुणेपर्यंत भरलेली. गळती कुठेच नाही. अर्ध्या तासानं पेडल दाबून बघतो, तर पहिल्यासारखं टणक! गॅरेजमध्ये सगळं तपासलं, दोष सापडेना. मग एका जुन्या मेकॅनिकनं विचारलं, "साहेब, तेल बदललं कधी?" हा म्हणाला, "बदलायचं कशाला? पातळी कधी उतरलीच नाही."

तिथेच घोटाळा होता. ब्रेक ऑइल हवेतला दमटपणा शोषून घेतं. नवं डॉट ४ तेल, म्हणजे ब्रेक ऑइलचा एक ठरलेला दर्जा, निदान 230 अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. पाणी मुरलं की हीच मर्यादा 155 पर्यंत घसरू शकते. तापलेल्या ब्रेकजवळ तेल उकळलं, वाफ झाली. तेल दबत नाही, वाफ दबते, म्हणून दाब ब्रेकपर्यंत न पोचता पेडल खाली गेलं. गार झाल्यावर वाफ विरली, पेडल परत आलं.

तेव्हा श्रोतेहो, पातळी पुरेशी असली तरी ब्रेक ऑइल साधारण दोन वर्षांनी बदला. दोन वर्षांनी. पातळी हळूहळू उतरत असेल, तर नुसतं वरून ओतू नका, ब्रेक पॅड झिजलेत का ते बघा. बरेच दिवस उघडा पडलेला डबा वापरू नका. आणि तेल गाडीच्या रंगावर सांडलं तर फडक्यानं चोळू नका, लगेच भरपूर पाणी ओता. रंग उडतो.