धनेशाचा डोळा लाल की पांढरा? लिनोवरचा पक्षी आणि त्याच्या पैशांचा हिशेब

(टेबलाशी बसून. हातात एक प्रिंट.)

नमस्कार मंडळी! आधी हे चित्र बघा. झाडाची ढोली, बाहेर चोचीत फळ धरलेला राजधनेश, आणि ढोलीच्या फटीतनं दिसणारी दुसरी चोच न् एक डोळा. बरं दिसतंय की? मलाही तसंच वाटलं होतं. वीस प्रती काढल्या, वाळल्यावर बारीक ब्रशनं सगळे डोळे लाल केले आणि खानापूरकडं जंगलात राखणीचं काम करणाऱ्या एका काकांना दाखवायला नेल्या. त्यांनी प्रिंट उजेडात धरली, आतल्या डोळ्यावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "आत पण नरच बसलाय होय रे? मग बाहेरचा कोण, त्याचा भाऊ?"

राजधनेशाच्या नराचा डोळा लाल असतो, मादीचा पांढरा. आणि ढोलीत बसते ती मादी. वीसच्या वीस प्रती कपाटात गेल्या. त्यातलीच ही एक.

विणीच्या काळात, साधारण जानेवारीपासून पुढं, मादी ढोलीत शिरते आणि आपली विष्ठा, फळांचा चोथा असलं काहीबाही लिंपून तोंड बंद करून घेते. चोच जाईल एवढीच फट ठेवते. नर गळ्यात फळं साठवून आणतो आणि एकेक वर काढून तिला भरवतो. बाहेर त्या नराला काही झालं, तर आतल्यांचा घासच तुटला. म्हणून सांगतो, चित्रासाठी फोटो पाहिजे म्हणून ढोलीखाली तळ ठोकू नका. माणूस खाली उभा असला की नर जवळ यायला बिचकतो, आणि तेवढा वेळ आतली मादी न् पिल्लू उपाशी.

आता कोरायला घेऊया. (कॅमेरा टेबलावर.)

हा लिनोलियमचा, म्हणजे लिनोचा तुकडा. फरशीवर अंथरतात त्या जातीचा जाड पत्रा; यावर चित्र कोरायचं, शाई लावायची आणि कागदावर ठसा घ्यायचा. थंडीत कडक होतो, म्हणून मी दहा मिनिटं उन्हात ठेवतो. मग कोरणी लोण्यातनं गेल्यासारखी जाते. कोरणारा हात पुढं आणि धरणारा हात कायम मागं. माझ्या अंगठ्यावरची ही खूण बघितली की कळेल का ते. लक्षात एवढंच ठेवायचं की कोराल तिथं पांढरं, ठेवाल तिथं काळं. म्हणूनच धनेश लिनोला मानवतो. काळं अंग, पांढरी मान, आणि पांढऱ्या शेपटीवर आडवा एकच काळा पट्टा. तो पट्टा विसरलात तर ओळखणारा लगेच पकडतो.

छापताना चित्र उलटं होतं. पक्ष्याला काही फरक पडत नाही, उजवीकडं बघणारा डावीकडं बघतो. अक्षरांचं मात्र हसं होतं. मी चित्राखाली 'धनेश' आणि कन्नड लिपीत 'मंगट्टे' अशी दोन्ही नावं कोरतो, कारण आमच्याकडं चित्र बघायला येणारी पोरं दोन्ही शाळांतली. अक्षरं ट्रेसिंग पेपरवर लिहा, कागद पालथा करा आणि मग लिनोवर उतरवा.

शाई काचेवर घेऊन रोलर फिरवायचा. ऐका... ही चरचर ऐकू आली? असा आवाज आला की शाई बेताची. पचपच वाजली तर जास्त झाली, बारीक रेषा बुजणार. प्रेस नसली तरी अडत नाही. कागद वर ठेवून लाकडी डावाच्या पाठीनं घोटायचं. आणि जुलैत तेलाच्या शाईनं छापायच्या भानगडीत पडू नका. बेळगावच्या पावसात आठ-आठ दिवस वाळत नाही, घरभर दोऱ्या बांधाव्या लागतात आणि मग घरच्यांचं ऐकावं लागतं.

पिवळा रंग शेवटी, हातानं. गंमत म्हणजे राजधनेशही तेच करतो. शेपटीच्या मुळाशी तेलाची ग्रंथी असते, ते तेल तो चोचीनं पिसांना फासतो आणि पांढरी पिसं पिवळी दिसायला लागतात.

आता पैसे. "या विक्रीतून वन्यजीवांना मदत" एवढंच लिहिलेलं असलं, की मी स्वतः ते चित्र घेत नाही. कुणाला मदत, किती? उलट हे बघा. अमेरिकेत 1934 साली बदकांच्या चित्राचं तिकीट, म्हणजे 'डक स्टँप', निघालं, किंमत एक डॉलर. पहिलं चित्र काढलं डिंग डार्लिंग या व्यंगचित्रकारानं. पाणपक्ष्यांची शिकार करणाऱ्यांना ते घेणं सक्तीचं, आणि त्या पैशातनं पाणथळ जागा राखायच्या हे कायद्यातच ठरलेलं. आज ते 25 डॉलरला आहे आणि अजून चालू आहे. आपल्याकडं अरुणाचलात पक्के व्याघ्र प्रकल्पाच्या आसपास लोक धनेशाचं घरटं दत्तक घेतात; पैसे घरट्यावर लक्ष ठेवणाऱ्या न्यिशी जमातीच्या गावकऱ्यांच्या पगाराला जातात. पैसा कुठं जातो ते दिसतं.

आपण तेवढे मोठे नाही. पण समजा, 25 प्रती चारशे रुपयांनी गेल्या, दहा हजार झाले. कागद, शाई, लिनो यांचे अडीच हजार वजा करा. उरलेल्यातलं किती तुमच्या मेहनतीचं आणि किती जंगलाचं, हे छापायच्या आधी ठरवा आणि प्रिंटच्या मागं पेन्सिलीनं लिहा. मेहनतीचे पैसे घ्यायला लाजू नका. फुकट राबणारा दोन वर्षांत थकतो. मी माझा वाटा काढून बाकीच्यातनं वड, उंबर, नांदरुकाची रोपं घेतो, कारण धनेश मुख्यतः या झाडांच्या फळांवर जगतो. रोपं जंगलात नेऊन खुपसायची नाहीत हां. भीमगड अभयारण्यात तर परवानगीशिवाय पाऊलही टाकायचं नाही. ज्यांची शेतं जंगलाला लागून आहेत, त्यांना विचारून बांधावर लावायची.

आणि नेटवरच्या कुणाच्या तरी फोटोवरनं जसंच्या तसं चित्र काढून विकू नका. फोटो काढणाऱ्याला विचारा, नाहीतर घटप्रभेला धुपदाळच्या पाण्यावर वही घेऊन बसा. पहिली पन्नास चित्रं बगळ्याऐवजी बाटलीसारखी दिसतील. माझी दिसली होती.

चला, कागद उचलूया. हळू... एका कोपऱ्यानं. (प्रिंट उलटी करून दाखवतो.) अक्षरं सुलटी आलीत. पट्टा आहे. शेपटीच्या टोकाला मात्र शाई बसली नाही, हे बघा, इथं. ही विकायची नाही. आतल्या डोळ्याला यावेळी ब्रश लावणारच नाही, तो पांढराच राहू दे.