दारूबंदीवाल्या विलार्डबाई

नमस्कार मंडळी, आज जरा लांबची गोष्ट सांगते, अमेरिकेतली आणि तीही सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वीची.

बाईंचं नाव फ्रान्सिस विलार्ड, पण घरचे फ्रँक म्हणायचे आणि त्यांनाही तेच आवडायचं. जन्म १८३९ चा, लहानपण विस्कॉन्सिनला शेतावर गेलं, म्हणजे झाडावर चढ, कुंपणावरून उडी मार असलंच सगळं. मग सतरावं लागलं तसा घरच्यांनी लांब झगा घालायला लावला, केस वर बांधले, आणि त्या दिवशी बाईंनी डायरीत लिहून ठेवलंय की डोक्यात अठरा हेअरपिना आहेत, डोकं ठणकतंय, आता जन्मात कुंपणावरून उडी मारणं नाही.

पुढे शिक्षिका झाल्या, इलिनॉय राज्यातल्या इव्हान्स्टनला मुलींच्या कॉलेजच्या प्रेसिडेंट झाल्या. ते कॉलेज नॉर्थवेस्टर्न युनिव्हर्सिटीत गेलं आणि तिथे प्रमुख कोण, तर ज्यांच्याशी बाईंचं लग्न ठरून मोडलं होतं तेच चार्ल्स फाउलर! खटके उडायचेच, १८७४ ला राजीनामा दिला.

तेव्हाच तिकडे ओहायोत बायका पेटल्या होत्या. डिसेंबर १८७३ मध्ये हिल्सबरो गावात एलायझा थॉम्पसन, माजी गव्हर्नरची मुलगी बरं का, सत्तावन्न वर्षांच्या, बायकांना घेऊन गुत्त्यागुत्त्यावर जाऊन प्रार्थना म्हणायला लागल्या, आत घेतलं नाही तर बाहेर थंडीत गुडघे टेकायच्या. आता हे वाचताना गंमत वाटते, पण त्या बायकांच्या हातात दुसरं होतं काय? नवऱ्याने पगार दारूत उडवला तर विचारायचं कोणाला, मत नाही, आणि पैशाअडक्यावर हक्क बहुतेक ठिकाणी नावापुरताच.

विलार्डबाईपण पिट्सबर्गच्या एका गुत्त्यात गेल्या. खाली भुसा पसरलेला, पुढच्या बाईंनी बायबल थेट बारवर ठेवलं, मागे दारू प्यायला आलेले पुरुष टोप्या काढून उभे, आणि या प्रोफेसरीणबाई त्या भुशात गुडघे टेकून प्रार्थना करतायत. १८७४ च्याच नोव्हेंबरमध्ये क्लीव्हलंडला वुमन्स ख्रिश्चन टेम्परन्स युनियन, म्हणजे ख्रिस्ती बायकांची दारूविरोधी संघटना निघाली, आणि १८७९ पासून १८९८ ला जाईपर्यंत विलार्डबाईच तिच्या अध्यक्ष, दुसरी कोणी झालीच नाही.

मला विचाराल तर बाईंची खरी हुशारी पुढेच आहे. मताचा हक्क मागणाऱ्या बायकांपासून साधी, चर्चला जाणारी बाई चार हात लांब राहायची. विलार्डबाईंनी ती मागणीच 'होम प्रोटेक्शन' म्हणून मांडली, म्हणजे आम्हाला राजकारण नको हो, फक्त घर वाचवायला मत द्या. आपल्याकडे दारूचं दुकान बंद करायला बायका उभी बाटली-आडवी बाटली मतदान करतात ना, साधारण तेच त्यांनी इलिनॉयमध्ये मागितलं, दुकानाला परवाना द्यायचा की नाही यावर बायकांना मत द्या म्हणून, अर्जावर लाखाच्या वर सह्या. कायदा काही झाला नाही, पण सह्या गोळा करत दारोदार फिरलेली बाई परत गप्प थोडीच बसते!

आणि मग एकेक विषय वाढत गेले. मुलांसाठी किंडरगार्टन, कैदी बायकांसाठी बाई कर्मचारी, संमतिवय. संमतिवयाचं ऐकून धक्का बसेल, तिथे कित्येक राज्यांत ते १० वर्षं होतं आणि डेलावेअरमध्ये तर ७! त्याच सुमाराला आपल्या पंडिता रमाबाई तिकडे होत्या, १८८६ ला आनंदीबाई जोशींच्या पदवीदानाला गेलेल्या. विलार्डबाईंशी त्यांची चांगली ओळख झाली, आणि रमाबाईंनी १८८९ मध्ये अमेरिकेवर मराठीत पुस्तक लिहिलं त्यात या युनियनच्या कामाबद्दल भरभरून लिहिलंय.

पण सगळंच गोड नाही. १८९० मध्ये एका मुलाखतीत बाई दक्षिणेतल्या काळ्या लोकांबद्दल फार वाईट बोलल्या, टोळधाडीसारखे वाढतायत वगैरे. आयडा बी. वेल्स या काळ्या पत्रकार तेव्हा लिंचिंगच्या, म्हणजे जमावाने काळ्या लोकांना ठार मारण्याच्या, विरोधात लढत होत्या, त्यांनी ती मुलाखत १८९४ ला इंग्लंडमध्ये परत छापून आणली. बाईंनी सारवासारव केली, पण ती काही पटण्यासारखी नव्हती. दक्षिणेतल्या गोऱ्या बायका युनियनमध्ये राहाव्यात म्हणून हे चाललं होतं असं म्हणतात, असेलही, पण त्याने बोललेलं पुसलं जात नाही.

आई गेल्यावर तब्येत ढासळली, तर त्रेपन्नाव्या वर्षी सायकल शिकायला घेतली! तिचं नाव ठेवलं ग्लॅडिस. सुरुवातीला धरायला माणसं, रोज दहा-पंधरा मिनिटं, असं करत तीनेक महिन्यांत जमली, आणि लगेच त्यावर पुस्तकपण लिहून मोकळ्या.

१९०५ मध्ये इलिनॉय राज्याने वॉशिंग्टनच्या कॅपिटलमध्ये, म्हणजे तिथल्या संसदेच्या इमारतीत, पुतळ्यांच्या दालनासाठी त्यांचा पुतळा दिला, त्या दालनातला बाईचा पहिलाच. राष्ट्राध्यक्षासाठी मत द्यायचा हक्क मात्र त्याच इलिनॉयच्या बायकांना तेव्हा नव्हता, तो मिळाला १९१३ ला.