सोलकढी का फाटते?

(दृश्य : मालवणजवळच्या एका घराची मागची पडवी. सकाळचे दहा. विळीवर नारळ खवला जातोय.)

अकरावीला जीवशास्त्र घेतलं की 'जैवरेणू' हा धडा दारातच आडवा येतो. कर्बोदकं, प्रथिनं, मेद ही नावं पाठ होतात आणि पेपर झाला की पुसली जातात. म्हणून आज पुस्तक मिटूया आणि काकूंच्या पडवीत बसूया. बेत आहे भात, बांगड्याचं तिखलं आणि सोलकढीचा. पानात काहीही येवो, आपण त्याला एकच विचारायचं : पाण्याशी तुझं जमतं का?

आधी पाण्याचंच बघू. त्याचा रेणू सरळ नाही, बाकदार आहे. मधला ऑक्सिजन इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढतो. त्यामुळे त्याच्या अंगाला थोडा ऋण प्रभार येतो आणि दोन हायड्रोजनांच्या अंगाला थोडा धन. म्हणून पाण्याचे रेणू एकमेकांना धरून असतात, आणि प्रभार असलेलं जे भेटेल त्यालाही धरतात. मीठ भेटलं, विरघळलं. तेल भेटलं, तर त्याच्याकडे धरायला काही नाहीच.

(दृश्य : फडक्यातून नारळाचं दूध पिळलं जातंय.)

मग या दुधातलं तेल लगेच वर का येत नाही? त्याचे बारीक बारीक थेंब झालेत आणि प्रत्येक थेंबाभोवती प्रथिनांचं कवच आहे. तेलाशी जमणारी बाजू आत, पाण्याशी जमणारी बाहेर. तुमच्या पेशींचंही असंच आहे. पेशीपटल म्हणजे फॉस्फोलिपिड नावाच्या, पाण्याशी जमणारं डोकं आणि न जमणाऱ्या शेपट्या असलेल्या मेद-रेणूंचे दोन थर : डोकी पाण्याकडे, शेपट्या आत दडलेल्या. हे कुणी शिवत बसत नाही, पाण्यात पडलं की आपोआप जुळतं.

शेपट्यांवरून आठवलं. थंडीत काकूंना खोबरेल तेलाची बाटली उन्हात ठेवावी लागते, कारण साधारण 24 अंशांखाली ते गोठतं. त्यातल्या मेदाम्लांच्या बहुतेक शेपट्या खराट्यातल्या हिरांसारख्या सरळ, आणि सरळ हीर घट्ट बांधले जातात. बांगड्याच्या तेलात बऱ्याच शेपट्यांना दुहेरी बंधामुळे बाक आलेला असतो. वाकड्या काड्यांची मोळी आवळून आवळली जात नाही.

(दृश्य : बांगडे धुतले जातायत. शेजारी वाटीत भिजवलेली आमसुलं.)

काकू म्हणतात, "सोलां घातल्याशिवाय माशाचो वास जाणा नाय." हे मी लहानपणापासून ऐकत आलोय, त्यातलं रसायन कळेपर्यंत कॉलेज संपलं होतं.

समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण 35 ग्रॅम क्षार असतात. बाहेर एवढा खारटपणा असला की पेशीतलं पाणी बाहेर ओढलं जाऊ लागतं. समुद्री माशांच्या पेशींत ट्रायमिथाइलअमाइन ऑक्साइड नावाचा एक रेणू असतो. पाणी टिकवायला आणि प्रथिनांची घडी सांभाळायला तो मदत करतो. त्याला स्वतःला असा वास नाही. मासा मेला की जीवाणू त्यातला ऑक्सिजन काढून घेतात आणि उरतं ट्रायमिथाइलअमाइन. हाच तो वास. नदीच्या माशांत मूळ रेणूच फार थोडा असतो.

आता आमसूल. त्यात हायड्रॉक्सिसायट्रिक आम्ल भरपूर. आम्ल म्हणजे हायड्रोजनचा धन आयन देऊन टाकणारा रेणू. अमाइन तो आयन घेतं, स्वतः प्रभारित होतं, आणि प्रभार आला की पाणी त्याला सोडत नाही. नाकापर्यंत पोचायचं तर हवेत उडायला हवं ना! म्हणजे काकूंचं वाक्य किंचित बदलायला हवं : वास जात नाही, तो रश्श्यातच अडकून पडतो. (याच आम्लाच्या गोळ्या वजन घटवण्यासाठी विकतात. जन्मभर सोलकढी प्यायलेले आमचे काका पाहिले की मला त्या घ्याव्याशा वाटत नाहीत.)

आमसुलात मुरलेल्या बांगड्याचं मांस कडेने पांढुरकं होतं, तेही बघा. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची माळ, 20 प्रकारच्या मण्यांची. पाण्याशी न जमणारे मणी आत लपतात आणि माळेची घडी पडते. आम्लाने किंवा आचेने घडी उलगडते. माळ मात्र शाबूत राहते. आपल्या रक्ताचा सामू (pH, म्हणजे आम्लता मोजायचा आकडा) शरीर 7.35 ते 7.45 च्या चिंचोळ्या पट्ट्यात राखतं, त्यात या घड्यांचीही राखण होते.

भाताचं थोडक्यात. दाण्यातला स्टार्च आणि पेंढ्यातलं सेल्युलोज, दोन्ही ग्लुकोजच्या साखळ्या. फरक फक्त एका कडीला दुसरी कशी जोडली याचा. एक जोड आपली विकरं (पचनाचं काम करणारी प्रथिनं) तोडू शकतात, दुसरा नाही. म्हणून भात आपल्याला आणि पेंढा बैलाला. बैलालाही तो जोड स्वतः तुटत नाही, त्याच्या पोटातले सूक्ष्मजीव तोडतात.

(दृश्य : दुसऱ्या दिवशीची सकाळ. काल उरलेल्या सोलकढीचं पातेलं.)

रात्रभरात कढी फाटलीय. खाली गुलाबी पाणी, वर पांढऱ्या गुठळ्या. आमसुलाच्या आम्लातल्या धन आयनांनी थेंबांभोवतीच्या प्रथिनांचा ऋण प्रभार मारला गेला, ती एकमेकांना दूर ढकलेनात, गोळा झाली आणि तेलालाही घेऊन वर आली. काकू डाव फिरवतात. कढी पुन्हा एकजीव दिसते, पेला भरेपर्यंत तरी.