क्रियापद शेवटी: राउटरची ॲक्सेस लिस्ट वाचताना

नमस्कार. सीसीएनए या सिस्कोच्या नेटवर्किंग प्रमाणपत्राची तयारी करणारे इथे बरेच आहात. कोणी खानापूरहून आलंय, कोणी चिकोडी-निपाणीकडून. कोणी मराठीतून शिकलंय, कोणी कन्नडमधून, आणि पेपर मात्र इंग्रजीत. त्याच्या २००-३०१ या परीक्षेत ॲक्सेस लिस्ट, म्हणजे कोणतं पॅकेट (डेटाचा तुकडा) जाऊ द्यायचं आणि कोणतं अडवायचं हे राउटरला सांगणारी यादी, सुरक्षेच्या भागात येते. तिथे मार्क जातात ते आज्ञा पाठ नसल्यामुळे कमी आणि ओळ चुकीच्या क्रमाने वाचल्यामुळे जास्त.

ही ओळ बघा: परमिट टीसीपी १९२.१६८.२०.० ०.०.०.२५५ होस्ट १०.१.१.१० ईक्यू ४४३. (०.०.०.२५५ हा वाइल्डकार्ड मास्क, म्हणजे पत्त्याचा शेवटचा आकडा काहीही चालेल; ‘होस्ट’ म्हणजे एकच पत्ता; ‘ईक्यू’ म्हणजे नेमका हाच पोर्ट.) डोळा पहिल्यांदा ‘परमिट’वर पडतो आणि मन तिथेच निकाल देऊन मोकळं होतं. राउटर तसं करत नाही. तो आधी प्रोटोकॉल बघतो, मग पॅकेट कुठून आलं, कुठे चाललंय, कोणत्या पोर्टला, हे तपासतो. हे सगळं जुळलं तरच पहिल्या शब्दाकडे येतो. म्हणून ओळ आपल्या भाषेत वाचा: टीसीपीचं पॅकेट, १९२.१६८.२० च्या नेटवर्कमधून निघालेलं, १०.१.१.१० या एकाच पत्त्याकडे, तिथल्या ४४३ पोर्टला चाललेलं असेल, तर जाऊ दे. मराठीत क्रियापद शेवटी येतं, कन्नडमध्येही शेवटीच. राउटरचं कामही त्याच क्रमाने चालतं. इथल्या मुलांना हा फायदा घरातूनच मिळालाय, तो वापरा.

दुसरं, यादी नुसती वाचायची नाही. एक पॅकेट हातात घ्यायचं आणि त्याला वरून खाली न्यायचं. जिथे पहिल्यांदा जुळलं तिथे निकाल; पुढच्या ओळी त्या पॅकेटपुरत्या नाहीतच. कुठेच जुळलं नाही तर शेवटी न लिहिलेली एक ओळ असते: डिनाय एनी. ती दिसत नाही, पण काम करते.

आता एक पूर्ण यादी घेऊ. समजा बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत शॉप फ्लोअरचं नेटवर्क १९२.१६८.२०.० आहे आणि निपाणीच्या शाखेत १०.१.१.१० हा सर्व्हर आहे. यादी क्रमांक ११० शॉप फ्लोअरच्या इंटरफेसवर ‘इन’ दिशेला लावलीय:

१० डिनाय टीसीपी १९२.१६८.२०.० ०.०.०.२५५ होस्ट १०.१.१.१० ईक्यू ८०
२० परमिट टीसीपी १९२.१६८.२०.० ०.०.०.२५५ होस्ट १०.१.१.१०
३० परमिट यूडीपी १९२.१६८.२०.० ०.०.०.२५५ एनी ईक्यू ५३

पहिलं पॅकेट: १९२.१६८.२०.७ कडून सर्व्हरच्या ४४३ पोर्टला. ओळ १० मध्ये पोर्ट ८०, जुळत नाही. ओळ २० मध्ये पोर्टचा उल्लेखच नाही, म्हणजे कोणतंही टीसीपी पोर्ट चालेल. गेलं.

दुसरं पॅकेट: त्याच मशीनवरून त्याच सर्व्हरला पिंग. इथे निम्मा वर्ग ‘जाईल’ म्हणतो, कारण ओळ २० मध्ये दोन्ही पत्ते बरोबर दिसतात. पण पिंग म्हणजे आयसीएमपी, हा वेगळाच प्रोटोकॉल. १० आणि २० टीसीपीच्या ओळी, ३० यूडीपीची. तिन्ही सुटल्या, न लिहिलेल्या ओळीने अडवलं. प्रश्नात ‘वेबसाइट उघडते पण पिंग होत नाही’ असं आलं की प्रोटोकॉलचा शब्द आधी बघा.

तिसरं पॅकेट सगळ्यात महत्त्वाचं, कारण ते प्रत्यक्ष कामावर रडवतं. नवीन संगणक सुरू झाला आणि डीएचसीपीकडे, म्हणजे पत्ते वाटणाऱ्या सेवेकडे, पत्ता मागतोय. त्या क्षणी त्याला स्वतःचा पत्ताच नाही. पॅकेट निघतं ०.०.०.० कडून, जातं २५५.२५५.२५५.२५५ कडे, यूडीपी ६८ वरून ६७ ला. ओळ ३० ला हवंय १९२.१६८.२० मधून आलेलं आणि ५३ ला जाणारं. जुळत नाही. राउटर स्वतःच डीएचसीपी सर्व्हर असेल किंवा सर्व्हर राउटरच्या पलीकडे असेल, तर मागणी दारातच संपते. मात्र त्याच दिवशी कळत नाही. आधीच्या संगणकांकडे ठरावीक मुदतीचा जुना पत्ता असतो. सिस्को राउटरवर ही मुदत वेगळी सांगितली नसेल तर १ दिवसाची. नूतनीकरणाची विनंतीही ६७ लाच जाते, म्हणजे तीही अडते. मुदत संपली की एकेक मशीन बंद पडत जातं आणि तक्रार येते, ‘काल तर चालू होतं.’ म्हणून ही ओळ हवी: परमिट यूडीपी एनी ईक्यू ६८ एनी ईक्यू ६७.

या ओळीत ‘ईक्यू’ दोनदा आलंय. सोर्सच्या (पॅकेट जिथून निघालं त्या) पत्त्यानंतर लिहिलेला पोर्ट सोर्सचा, डेस्टिनेशननंतरचा (जिथे चाललंय त्यानंतरचा) डेस्टिनेशनचा. ओळ १० मध्ये ‘ईक्यू ८०’ चुकून सोर्समागे गेलं तर राउटर तक्रार करणार नाही, पण ब्राउझर सोर्स म्हणून वरचा कुठलातरी पोर्ट घेतो, ८० नव्हे. ओळ कधीच जुळणार नाही.

सर्व्हरचं उत्तर परत येताना ही यादी लागते का? नाही. उत्तर शॉप फ्लोअरच्या इंटरफेसमधून बाहेर पडतं आणि यादी ‘इन’ला आहे. दिशेचा गोंधळ उडतो तो आपण कुठे उभे आहोत हे न ठरवल्यामुळे. कोगनोळीच्या नाक्यावरून बेळगावकडे निघालेली गाडी निपाणीच्या माणसाला येणारी आणि कागलच्या माणसाला जाणारी. गाडी तीच. इथे उभं राहायचं राउटरच्या पोटात. पॅकेट तुमच्याकडे येतंय तर इन, तुमच्यापासून निघालंय तर आऊट. एका इंटरफेसवर, एका दिशेला, आयपीव्ही४ ची एकच यादी.

वाइल्डकार्ड मास्कचं गणित सोपं आहे: २५५.२५५.२५५.२५५ मधून सबनेट मास्क वजा करा. २५५.२५५.२५२.० असेल तर ०.०.३.२५५. म्हणजे १७२.१६.१६.० ०.०.३.२५५ हे १७२.१६.१६.० पासून १७२.१६.१९.२५५ पर्यंत. शून्य बिट म्हणजे ‘जुळलंच पाहिजे’, एक म्हणजे ‘काहीही असो’. आता सवयीने १९२.१६८.२०.० २५५.२५५.२५५.० लिहिलं तर अर्थ उलटतो: पहिले तीन आकडे काहीही, शेवटचा मात्र शून्यच. सेव्ह झालेल्या यादीत ०.०.०.० २५५.२५५.२५५.० दिसलं की समजा, कोणीतरी सबनेट मास्क टाकलाय. तसंच १९२.१६८.२०.७० ०.०.०.३१ लिहिलं तर राउटर ते १९२.१६८.२०.६४ करून ठेवतो; टप्पा ६४ ते ९५.

क्रमांक पाठच करा. स्टँडर्ड १ ते ९९ आणि १३०० ते १९९९, फक्त सोर्स बघते, म्हणून डेस्टिनेशनजवळ लावायची. एक्स्टेंडेड १०० ते १९९ आणि २००० ते २६९९, सोर्सजवळ.

तपासताना ‘शो ॲक्सेस-लिस्ट्स’ दिलं की प्रत्येक ओळीपुढे किती पॅकेट जुळली ते दिसतं. मोजणी शून्यावरच असेल तर ओळीत चूक आहे किंवा वरची एखादी ओळ पॅकेट आधीच खाते आहे. न लिहिलेल्या डिनायची मोजणी दिसत नाही, म्हणून शेवटी ‘डिनाय आयपी एनी एनी’ स्वतः लिहावी. यादी कुठे, कोणत्या दिशेला लागलीय, हे ‘शो आयपी इंटरफेस’ सांगतं. आणि राउटरवर बसून केलेल्या पिंगवर विश्वास ठेवू नका: राउटरने स्वतः तयार केलेलं पॅकेट त्याच्या आऊट यादीतून तपासलं जात नाही. पिंग संगणकावरून करा.

ओळ मध्येच घालायची असेल तर ‘आयपी ॲक्सेस-लिस्ट एक्स्टेंडेड ११०’ मध्ये जाऊन क्रमांक १५ किंवा २५ द्यायचा. ‘नो ॲक्सेस-लिस्ट ११०’ लिहून मागे कितीही तपशील जोडला तरी एक ओळ नाही, अख्खी यादी जाते. इंटरफेसवर ११० चा उल्लेख तसाच राहतो, पण मागे यादीच नाही, म्हणजे सगळं मोकळं.

बेळगावात बसून निपाणीच्या राउटरवर यादी लावणार असाल, तर एखादी डिनाय ओळ तुमचंच एसएसएच, म्हणजे दुरून राउटरशी जोडलेली लाइन, तोडू शकते. मग हायवेने तिथे जाण्यावाचून इलाज नाही. म्हणून आधी चालू कॉन्फिगरेशन सेव्ह करा, ‘रिलोड इन १०’ द्या, मगच यादी लावा. लाइन तुटली तर १० मिनिटांनी राउटर जुन्या कॉन्फिगरेशनवर परत उठतो. सगळं नीट चाललं तर ‘रिलोड कॅन्सल’ करा आणि त्यानंतरच नवीन कॉन्फिगरेशन सेव्ह करा.